गाइडसोबत हिवाळी गिर्यारोहणाची मधली पायरी: काय बर्फावर शिकावे, काय गोव्यातच उरकावे

फोंड्याच्या एका तरुण गिर्यारोहकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मनालीच्या संस्थेत पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे, केदारकंठासह दोन हिवाळी ट्रेक पदरी आहेत, आणि आता खासगी गाइड घेऊन सहा-सात दिवसांत पुढची कौशल्ये शिकायची आहेत. त्यांना चार गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: नेमके काय शिकावे, हिमाचलात शिकावे की इंग्लंडमधल्या स्विंडनला नोकरी करणाऱ्या भावाकडे उतरून तिथून स्कॉटलंडला जावे, गोव्यात बसून आधी काय तयारी करता येईल, आणि बूट विकत घ्यावेत का.

सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करतो, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला त्यातून मिळाले. पायाभूत आणि प्रगत असे दोन्ही अभ्यासक्रम झाल्यावर मी पहिल्यांदा पदरच्या पैशाने गाइड घेतला आणि मनालीजवळच्या सोलंगच्या वरच्या उतारांवर सहा दिवस त्याच्या टाचांकडे पाहत चाललो. तो पावठ्या पाडत होता, मी त्यांत पाय टाकत होतो. तो दोर अडकवी, मी त्याला लटके. सहाव्या दिवशी दुपारी धुके उतरले तेव्हा तो शांतपणे पाठपिशवीवर बसला आणि म्हणाला, की आता तू आम्हाला खाली ने. आपण तीन नाळांपैकी (डोंगरातल्या अरुंद घळींपैकी) कोणत्या नाळेने वर आलो, हे मला सांगता येईना. नकाशा पिशवीच्या तळाशी होता, होकायंत्र तंबूत. पाऊण तास मी इकडेतिकडे पाहत राहिलो. तो एक शब्द बोलला नाही. सहा दिवसांचे पैसे मी शिकण्यासाठी दिले होते, पण प्रत्यक्षात विकत घेतली होती ती त्याची पायवाट.

मधल्या पायरीवर नवी तंत्रे फारशी नसतात. क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे अणकुचीदार दात), आइस-अॅक्स (बर्फावरची कुऱ्हाड), दोर, गाठी हे सारे तुम्ही पायाभूत अभ्यासक्रमात हाताळलेले आहे. तिथे मात्र कोणत्या उतारावर जायचे, दोर केव्हा बांधायचा, परत केव्हा फिरायचे, हे प्रशिक्षक ठरवत होते आणि तुम्ही रांगेत होतात. आता ते ठरवणे तुमच्याकडे आले पाहिजे, आणि तेही अशा माणसाच्या डोळ्यांदेखत, की तुमची चूक महागात पडण्याआधी तो थांबवील आणि स्वस्तात सुटणारी चूक होऊ देईल. म्हणून गाइडशी बोलणी करतानाच स्पष्ट सांगा, की पहिले दोन दिवस तुम्ही दाखवा, तिसऱ्या दिवसापासून मी पुढे चालेन आणि तुम्ही मागून या. शिखर गाठण्याचा हट्ट या आठवड्यापुरता सोडून द्या. शिखराची तारीख ठरली की गाइड साहजिकच तुम्हाला वर नेण्याच्या मागे लागतो, आणि मग शिकवणे राहून जाते.

आता बर्फावर करायच्या गोष्टींकडे वळतो. सगळ्यांत आधी पाय. सेल्फ-अरेस्ट, म्हणजे घसरल्यावर आइस-अॅक्सच्या चोचीवर भार देऊन स्वतःला थांबवणे, याचे नवख्यांना फार आकर्षण असते आणि त्याचा सराव पोटावर, पाठीवर, डोके खाली अशा सर्व स्थितींत केलाच पाहिजे. तो सराव क्रॅम्पॉन काढून, हेल्मेट घालून आणि तळाशी सपाट मोकळी जागा असलेल्या उतारावरच करावा. क्रॅम्पॉनचे दात वेगात बर्फात रुतले की घोटा मोडतो. मात्र कडक, घट्ट बर्फावर वेग इतक्या लवकर वाढतो, की पहिल्या एक-दोन सेकंदांत थांबला नाहीत तर बहुधा थांबणारच नाही. त्यामुळे माझा भर नेहमी न घसरण्यावर असतो. मध्यम उतारावर सगळे दात एकाच वेळी टेकवून घोटा वाकवत चालणे, उतार वाढला की एक पाऊल आडवे आणि एक पुढच्या दातांवर, आणि अगदी तीव्र टप्प्यावर दोन्ही पावले पुढच्या दातांवर, हे बदल विचार न करता घडू लागेपर्यंत एकाच उतारावर वर-खाली करत राहा. पोटऱ्या पेटतील. उतरताना कंटाळलेला, थकलेला माणूस क्रॅम्पॉन स्वतःच्याच गेटरमध्ये (पोटरीवरच्या आवरणात) अडकवून पडतो. मी पाहिलेल्या घसरण्यांपैकी निम्म्याहून अधिक अशाच आहेत.

दोराबद्दल एक गैरसमज मुळापासून काढला पाहिजे. दोघे-तिघे एका दोराला बांधून एकाच वेळी चालत असतील आणि दोर मध्ये कुठेच डोंगराला अडकवलेला नसेल, तर कडक बर्फाच्या उतारावर तो दोर एकाच्या घसरण्याचे रूपांतर सगळ्यांच्या घसरण्यात करतो. व्यावसायिक गाइड आखूड दोरावर पाहुण्याला सांभाळत नेतो ते त्याच्या अनेक वर्षांच्या सवयीवर. ते पाहून आपण मित्रांसोबत तसे करू नये. दोर बांधायचा तर अँकर, म्हणजे दोर अडकवण्याचा पक्का आधार, हवा, अँकर घ्यायला वेळ नसेल तर दोर काढून प्रत्येकाने आपापल्या पायांवर विश्वास ठेवावा, आणि दोन्ही शक्य नसेल तर परत फिरावे. भेगा लपलेल्या हिमनदीवर गोष्ट उलटी आहे. तिथे दोर हवाच, अंतर राखून आणि ताणून. या तीन-चार पर्यायांतला कोणता केव्हा, हे ठरवण्याचा सराव गाइडसोबत दिवसातून दहा वेळा करा, आणि दर वेळी आपले कारण मोठ्याने सांगा.

बर्फातले अँकर हा या पायरीचा गाभा आहे, आणि आपल्याकडच्या मुलांचा तोच कच्चा असतो, कारण सह्याद्रीत खडक असतो, झाड असते, बोल्ट असतो. बर्फात जे आहे त्यातूनच अँकर घडवावा लागतो. आइस-अॅक्स आडवी पुरण्याची पद्धत घ्या. उताराला आडवी, साधारण हातभर खोल चर खणायची. अॅक्सच्या मध्याजवळ, थोडी डोक्याकडे, क्लोव्ह हिच या गाठीने स्लिंग (पट्ट्याचा तयार फास) बांधायची. आणि स्लिंग बाहेर येण्यासाठी खालच्या बाजूला एक अरुंद, तिरकी खाच कापायची. ही खाच पुरेशी खोल कापली नाही, तर भार आल्यावर स्लिंग अॅक्सला वर उपटते. चरीच्या खालच्या बाजूच्या बर्फावर पाय द्यायचा नाही, कारण सगळा भार तोच बर्फ घेणार असतो. दुसरी पद्धत बर्फाचाच घोड्याच्या नालाच्या आकाराचा खुंट कोरून त्याभोवती दोर घालण्याची. कडक बर्फात मीटरभर रुंदीचा खुंट पुरतो, भुसभुशीत बर्फात तो तीन मीटरपर्यंत रुंद करावा लागतो आणि त्यात अर्धा तास जातो. अँकरच्या खाली बसण्यासाठी खोल खड्डा करून त्यात टाचा रोवून बिले देणे, म्हणजे साथीदाराचा दोर धरून त्याला सांभाळणे, हे तिसरे. ते अँकरला पर्याय नसून जोड आहे. शेवटी आणखी एक गोष्ट, जी पुष्कळांना ठाऊक नसते: मऊ बर्फ तुडवून, दाबून काही मिनिटे तसाच राहू दिला, की त्याचे कण एकमेकांना चिकटून तो बराच घट्ट होतो. अँकर घेताना घाई केली की हा फुकटचा फायदा हातचा जातो.

यातले बरेचसे काम तुम्ही गोव्याच्या किनाऱ्यावर करू शकता. मी दर वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन रविवार केरीच्या किनाऱ्यावर घालवतो. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू आणि वरची कोरडी वाळू यांत तोच फरक आहे, जो घट्ट आणि भुसभुशीत बर्फात. अॅक्स पुरायची, दोर बांधायचा आणि तिघांनी मिळून ओढायचे. खाच उथळ राहिली असेल तर अॅक्स डोळ्यांसमोर वर येते, आणि ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा उथळ खाच कापत नाही. (रापण ओढणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी आमचा खटाटोप बराच वेळ पाहिला आणि अखेर कोणती मासळी अपेक्षित आहे, असे विचारले. दोर कसा पेलावा याचे त्यांनी दिलेले दोन धडे मात्र मी अजून वापरतो.) वाळूत कण चिकटून घट्ट होण्याची ती क्रिया घडत नाही आणि उतारही मिळत नाही, म्हणून अँकर किती भार घेईल याचा अंदाज वाळूवरून बांधू नका. हातांना कृतीचे वळण लागणे एवढाच हेतू.

गाठी, बिले, हिमनदीच्या भेगेतून साथीदाराला वर ओढण्यासाठीची तीनास एक कप्पीरचना आणि प्रुसिकवर (भार येताच दोराला आवळून बसणाऱ्या गाठीवर) दोर चढणे हे घराच्या गच्चीवर, आंब्याच्या फांदीवर किंवा डोंगरातल्या कातळावर होते. फरक इतकाच, की सगळे जाड हातमोजे घालून करायचे, आणि मधूनच हात मिनिटभर बर्फाच्या पाण्यात बुडवून लगेच गाठ मारून पाहायची. बादलीभर बर्फ मासळीबाजारात सहज मिळतो. आपला जांभा चढाईला निरुपयोगी आहे, त्यामुळे खडकावर हालचालींचा सराव हवा असेल तर बदामीचे वालुकाश्माचे कडे गाठावेत. गोव्याहून ते एका दिवसाच्या प्रवासात आहे. गाइडला दिलेल्या सहा दिवसांपैकी दीड दिवस जर गाठी आठवण्यात गेला, तर तो दीड दिवस तुम्ही फोंड्यात फुकट करू शकला असता, हे लक्षात ठेवा.

दिशाज्ञानाचेही तसेच. बर्फाळ पठारावर धुके उतरले की जमीन आणि आकाश एकच पांढरे होते आणि माणूस सरळ चालतो आहे असे समजत वळत जातो. तेव्हा होकायंत्रावर दिशा धरून, पावले मोजत, ठरलेल्या अंतरावर थांबावे लागते. गोव्याला याची उत्तम शाळा जुलैमध्ये उघडते: चोर्ला घाटाच्या परिसरातल्या सड्यांवरचे पावसाळी धुके. शंभर मीटरला आपली किती दुहेरी पावले (दोन पावले मिळून एक) पडतात हे सपाटीवर, चढावर आणि उतारावर वेगवेगळे मोजून ठेवा. खोल बर्फात तो आकडा वाढेल, पण मोजण्याची सवय लागलेली असेल. कड्यांच्या काठापासून दूर राहा, अभयारण्याच्या हद्दीत जायचे असल्यास वन खात्याची परवानगी घ्या, आणि जळवांची तक्रार करू नका.

किनाऱ्यावर किंवा सड्यावर जे अजिबात शिकता येत नाही, ते म्हणजे हिमस्खलनाचा अंदाज, आणि गाइडच्या दिवसांतला सर्वांत मोठा वाटा त्याला द्या असा माझा आग्रह आहे. पाट्यासारखे सुटून येणारे बहुतेक हिमस्खलन ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुरू होते. घरातला जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो, म्हणजे बर्फावर ज्याला आपण ‘चढायला मजेचा’ उतार म्हणतो तो नेमका याच पट्ट्यात पडतो. फोनवरच्या कोनमापकाने उतार मोजण्याआधी नुसत्या नजरेने अंदाज सांगायचा आणि मग ताडून पाहायचा, हा खेळ गाइडसोबत दिवसभर चालू ठेवा. तिसऱ्या दिवसापर्यंत चूक दोन-तीन अंशांवर येते. मात्र आपण उभे आहोत तो उतार सौम्य असला तरी वरचा तीव्र उतार आपल्यावर कोसळू शकतो, हे नवखे विसरतात.

त्यानंतर बर्फाच्या पोटात पाहणे. जानेवारीत हिमाचलात बर्फाचा थर पातळ असतो, त्याच्या तळाशी जमीन शून्याच्या आसपास आणि वर रात्रीची हवा शून्याखाली दहा-पंधरा अंश. या फरकामुळे वाफ तळातून वर सरकते आणि खालचा बर्फ जाड रव्यासारख्या सुट्या कणांत बदलतो. त्यावर पुढच्या हिमवृष्टीचा जड थर येऊन बसला, की रव्यावर ठेवलेल्या फरशीसारखी स्थिती होते. खड्डा खणून, उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या वरच्या दिशेने ३० सेंटिमीटर आत असा बर्फाचा ठोकळा मोकळा करून, त्याच्या एका टोकावर फावडे ठेवून आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून दहा-दहा थापा मारण्याची चाचणी शिकून घ्या. भेग ठोकळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावली तर त्या उताराचा नाद सोडायचा. उलट निकाल चांगला आला म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही. पन्नास पावलांवर बर्फ वेगळा असतो. खड्ड्यापेक्षा उघड्या खुणा जास्त बोलतात: शेजारच्या उतारावर ताजे हिमस्खलन, पावलाखाली ‘धुप्प’ असा खचल्याचा आवाज, पायापासून धावत जाणाऱ्या भेगा, वाऱ्याने नुकताच भरलेला आडोशाचा उतार, अचानक वाढलेली ऊब. यांतली एकही दिसली तर परत फिरण्याचा निर्णय तुम्ही घ्यायचा, गाइडने सांगण्याची वाट न पाहता.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी गढवालमध्ये द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २९ जणांचा मृत्यू झाला. त्यांत अनुभवी प्रशिक्षकही होते. कुणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. सोबत जाणकार आहे म्हणून आपण विचार करणे थांबवावे, असे बर्फावर कधीच नसते, एवढ्याचसाठी लिहितो.

गाडले गेलेल्या साथीदाराचा शोध घेण्यासाठी प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सिव्हर (संकेत देणारा आणि दुसऱ्याचा संकेत पकडणारा छोटा रेडिओ), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचे फावडे. जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. जे काही होईल ते सोबत्यांकडूनच. हा सराव पुन्हा वाळूत होतो: ट्रान्सिव्हर डब्यात घालून कुणाला तरी पुरायला सांगा आणि घड्याळ लावून शोधा. प्रोब लागली की ती तिथेच ठेवायची आणि खणायला सुरुवात उताराच्या खालच्या बाजूने करायची. मोबाइल फोन ट्रान्सिव्हरपासून किमान २० सेंटिमीटर, शोधताना ५० सेंटिमीटर दूर ठेवावा. जाता जाता एक सूचना: उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी साधने परवान्याविना बाळगणे भारतात बेकायदा आहे आणि गोव्याच्या विमानतळांवर त्यासाठी परदेशी पाहुण्यांवर कारवाई झालेली आहे. भाऊ तिकडून असे काही भेट म्हणून आणणार असेल तर आधीच थांबवा. ट्रान्सिव्हर त्या प्रकारात मोडत नाही. तो केवळ पन्नासेक मीटरांपर्यंतचा रेडिओ आहे.

हिमाचल की स्कॉटलंड? खर्च आणि व्हिसा बाजूला ठेवला, तर निव्वळ शिकण्यासाठी स्कॉटलंड उजवे आहे. बेन नेव्हिस अवघा १,३४५ मीटर उंच, त्यामुळे विरळ हवेचा प्रश्न नाही. वितळणे आणि गोठणे आलटून पालटून होत असल्यामुळे पाय रोवण्याजोगा कडक बर्फ मिळतो. आणि हंगामात सहा डोंगरी भागांसाठी हिमस्खलनाचा अंदाज रोज प्रसिद्ध होतो, जो सकाळी वाचून संध्याकाळी स्वतःच्या निरीक्षणाशी ताडता येते. हवा मात्र ओली आणि वारा बेफाम असतो, आणि जानेवारीत उजेड सात तासांच्या आसपासच. तिथे गाइड निवडताना आंतरराष्ट्रीय मान्यतेचा ब्रिटिश माउंटन गाइड किंवा हिवाळी गिर्यारोहण व चढाईचा प्रशिक्षक पाहा. केवळ हिवाळी माउंटन लीडर असलेला माणूस चालण्याची कौशल्ये उत्तम शिकवील, पण दोरावरची चढाई त्याच्या अधिकारात येत नाही.

हिमाचलात शिकायचे ठरवलेत तर जानेवारी टाळा. त्या वेळी कोरड्या, न बसलेल्या बर्फात कमरेपर्यंत पोहणे होते, शिकणे कमी होते. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ बरा. पहाटे बर्फ कडक असतो आणि दहा-अकरापर्यंत काम उरकून खाली येता येते. समुद्रसपाटीवरून येणाऱ्याने मनालीत आणि सोलंगला पहिले दोन-तीन दिवस घालवावेत, आणि तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून जास्त वाढवू नये. गाइडने संस्थेतला प्रशिक्षण-पद्धतीचा अभ्यासक्रम केला आहे का, व्यवसायाची हिमाचल पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का, हे विचाराच. पण मी त्याहून जास्त वजन आणखी एका प्रश्नाला देतो: गेल्या हंगामात आपण पाहुण्यांना घेऊन कुठून आणि का परत फिरलात? ज्याच्याकडे याचे उत्तर तयार नसते, त्याच्यासोबत मी जात नाही. एका गाइडमागे दोनच जण असावेत. चार झाले की पुन्हा रांग होते.

राहिले बूट. पहिल्या वर्षी भाड्याने घ्या, कारण क्रॅम्पॉन नीट बसतील इतका ताठ तळवा आणि तुमचा पाय यांची जोडी जमायला दोन-तीन जोड वापरून पाहावे लागतात. विकत घेतलेच, तर गोव्याचा पावसाळा हा त्यांचा खरा शत्रू आहे. चामड्याला बुरशी धरते हे दिसते तरी, पण तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत न वापरताही आतून कुजतो आणि काही वर्षांनी एका सकाळी चालता चालता भुगा होऊन पडतो. माझा एक जोड असाच बर्फावर, तंबूपासून तीन तासांवर गेला, आणि उरलेली वाट मी तळवा दोरीने बांधून कापली. बूट हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवा, दर महिन्याला काढून घरात तासभर घालून फिरा, आणि निघण्याच्या महिनाभर आधी भरलेली पाठपिशवी घेऊन एखाद्या लांब चढावर दोनदा वापरून पाहा. तळवा अंगठ्याने दाबल्यावर चुरा निघाला, तर ते बूट घरीच राहू द्या.